नवरा सिटिझन आहे, मग आता काळजी कसली?

मागच्या अंकाच्या शेवटी मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की अमेरिकन सिटिझनशी लग्न करून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. आठवड्यात संपादकांचा फोन, ताई, इनबॉक्स भरलाय, आता तुम्हीच निस्तरा. तर यावेळचं अख्खं सदर त्याच विषयावर. आधीच सांगून ठेवते, मी वकील नाही. न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात 19 वर्षं पॅरालीगल, म्हणजे वकिलाची मदतनीस म्हणून लोकांच्या फायली लावल्या, आणि त्याआधी स्वतःची लावली, कारण माझं कार्डही नवऱ्यामुळेच आलं. तुमच्या केसमध्ये जुनी अटक, नाकारलेला व्हिसा, ओव्हरस्टे (मुदत संपूनही राहणं) असलं काही असेल तर वकिलाला पैसे द्या, तिथे काटकसर नको. आणि फीचे आकडे 2024च्या एप्रिलपासूनचे देतेय, ते बदलत राहतात, भरायच्या दिवशी यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर बघूनच भरा.

नमस्कार ताई. मुलीचं फेब्रुवारीत लग्न झालं, जावई अमेरिकेचे सिटिझन, एडिसनला असतात. पंधरा दिवसांत ते परत गेले, मुलगी आमच्याकडेच आहे. नातेवाईक म्हणतात टुरिस्ट व्हिसावर पाठवून द्या, तिथे गेल्यावर नवरा कार्ड काढेल, एवढं काय त्यात. काय करावं? किती दिवस लागतील? लोक विचारतात हो, लग्न होऊनही पोरगी माहेरीच का. (एक आई, सांगली)

अहो ताई, ते नातेवाईक मुलाखतीला खिडकीपाशी उभे राहणार नाहीत, तुमची मुलगी राहणार आहे. टुरिस्ट व्हिसा मागताना तिला सांगावं लागतं की मी फिरून परत येणार. नवरा तिकडे, मनात तिकडेच राहायचं, आणि तोंडाने म्हणायचं नायगारा बघून येते, हे खोटं झालं, आणि ते खोटं आहे असं सरकारने एकदा कागदावर लिहिलं की आयुष्यभर नडतं. बहुतेक वेळा तिथवर जातही नाही, सिटिझन नवरा आहे कळल्यावर टुरिस्ट व्हिसाच नाकारतात. तेव्हा सरळ रस्ता धरा.

सरळ रस्ता असा. जावई आय-130 नावाचा अर्ज भरतात, म्हणजे ही माझी बायको आहे एवढंच सरकारला पटवायचं, ऑनलाइन 625 डॉलर, कागदावर 675. ते मंजूर झालं की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरला जाते, तिथे व्हिसाच्या अर्जाचे 325 आणि जावयांच्या उत्पन्नाच्या हमीपत्राचे 120 भरायचे, कागद अपलोड करायचे, मग मुंबईत मेडिकल आणि बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. सिटिझनच्या नवरा-बायकोला वर्षाचा कोटा नाही, म्हणजे नोकरीवाल्यांसारखी वर्षानुवर्षांची रांग नाही, पण टेबलावरून टेबलावर जायला वेळ लागतोच. वर्ष-दीड वर्ष धरून चला, जास्तही लागू शकतं. लोकांना सांगा कागद चाललेत.

हमीपत्राचं जरा सांगते, कारण जावयांनी ते न वाचता सही करू नये. आय-864 त्याचं नाव. घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे गरिबीरेषेच्या सव्वापट उत्पन्न दाखवायचं, 2025च्या तक्त्यात दोघांच्या घराला वर्षाला 26,437 डॉलर. कमी पडलं तर दुसरा कुणी सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला जॉइंट स्पॉन्सर होऊ शकतो. हा सरकारशी केलेला करार आहे, बायको सिटिझन होईपर्यंत किंवा तिच्या नावावर कामाची साधारण 10 वर्षं जमेपर्यंत चालतो, आणि घटस्फोट झाला तरी सुटत नाही.

पण खरं सांगू का, सांगली-साताऱ्याकडच्या फायली अडतात त्या डॉलरवर नाही, नावांवर अडतात. माझंच घ्या. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे खाल्ले, आणि मग जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, मॅरेज सर्टिफिकेटवर सासरचं, आणि पासपोर्टवर अर्धं हे अर्धं ते, अशी चार कागदांवर चार बायका झाल्या. त्या चारही मीच हे पटवायला मला गॅझेटची प्रत, दोन अ‍ॅफिडेव्हिट आणि आठ महिने लागले. म्हणून मुलीला आत्ताच बसवा. नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून जन्मदाखला काढा, नाव कोरं असेल तर तिथेच भरून घ्या. नोंदच सापडत नसेल तर नोंद नसल्याचा दाखला आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला. नुसती लग्नपत्रिका आणि मंगल कार्यालयाची पावती चालत नाही, लग्नाची सरकारी नोंदणी हवी. नोंदणी करताना पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच्या तसं लिहा, मधलं नाव वडिलांचं ठेवायचं का नवऱ्याचं हे एकदा ठरवा आणि मग सगळीकडे तेच. कागद नुसता मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि त्याखाली भाषांतर करणाऱ्याची सही. दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाची कोर्टाची डिक्री, म्हणजे निकालाचा कागद. गावात पंचांसमोर स्टँपपेपरवर केलेली सोडचिठ्ठी घेऊन लोक येतात, आणि मुलाखतीच्या दिवशी रडत परत जातात, त्या कागदाचं काय करायचं ते आधी वकिलाला विचारा. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, ते फार आधी काढून ठेवू नका, जुनं होतं.

एक बारीक गोष्ट. मुलगी अमेरिकेत उतरेल त्या दिवशी लग्नाला 2 वर्षं झालेली नसतील तर तिला 2 वर्षांचं कार्ड मिळेल, झालेली असतील तर 10 वर्षांचं. व्हिसा हातात आहे आणि लग्नाचा दुसरा वाढदिवस तीन आठवड्यांवर आहे अशी वेळ आली, तर तिकीट तीन आठवडे पुढे ढकला आणि विमानतळावर ऑफिसरला लग्नाची तारीख दाखवा, पुढे 2 वर्षांच्या कार्डासाठी करावा लागणारा एक मोठा अर्ज टळतो.

ताई, मी डॅलसला आहे, एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, कंपनीने लावलेल्या ग्रीन कार्डाच्या रांगेत माझी तारीख 2016ची. या मे महिन्यात लग्न केलं, बायको इथेच जन्मलेली मराठी मुलगी. आता कंपनीची केस सोडून द्यायची का? गणपतीला पुण्याला जाता येईल का? आणि मुलाखतीत काय विचारतात, मित्र घाबरवतायत.

तुला तू म्हणते, माझ्या भाच्याच्या वयाचा असशील. कंपनीची केस सोडू नकोस, ती पडून राहू दे, तिला खायला घालावं लागत नाही. तू इथे कायदेशीर आत आलायस आणि बायको सिटिझन, त्यामुळे तिचा आय-130 आणि तुझा आय-485, म्हणजे इथे राहूनच ग्रीन कार्ड मागायचा अर्ज, एकाच पाकिटात जातात, 675 अधिक 1440. मेडिकलचा बंद लिफाफा 2024च्या डिसेंबरपासून सोबतच जोडावा लागतो, नंतर देतो म्हटलं तर अर्ज परत येऊ शकतो. वर्क परमिटला 260 आणि प्रवासाच्या परवान्याला, ज्याला अ‍ॅडव्हान्स पॅरोल म्हणतात, 630. दोन्ही ऐच्छिक आहेत पण मी तरी भरायला लावते.

गणपतीचं असं आहे. आय-485 भरल्यावर पॅरोल हातात नसताना देशाबाहेर गेलास तर अर्ज सोडून दिला असं धरतात, एच-1बी आणि एल-1 या नोकरीच्या व्हिसावाल्यांना यातून सूट आहे. म्हणजे तू अजून त्याच कंपनीत एच-1बीवरच काम करत असशील आणि पासपोर्टात चालू व्हिसाचा स्टँप असेल तर जाऊन ये. स्टँप संपलेला असेल तर तो इंडियात करून घ्यायचा म्हणजे अपॉइंटमेंटचा जुगार, दहा दिवसांच्या रजेवर गेलेले लोक तीन महिने आईच्या हातचं जेवून आलेले मी पाहिलेत. आणि मधेच वर्क परमिटवर दुसरी नोकरी धरलीस तर तुझं एच-1बी संपलं, मग पॅरोलशिवाय हलायचं नाही. माझं मत विचारशील तर यंदाचा गणपती व्हिडिओ कॉलवर.

मुलाखतीला घाबरण्यासारखं काही नसतं, खोटं नसेल तर. ऑफिसरला एकच बघायचं असतं, ही दोघं खरंच एका छपराखाली राहतात का. लग्नाचे फोटो लोक पोतंभर नेतात, हळदीचे, सप्तपदीचे, डीजेचे. अरे, लग्न झालं हे सर्टिफिकेटवर दिसतंच, लग्नानंतरचं दाखवा. दोघांच्या नावाचं लीज, जॉइंट खातं ज्यातून खरंच किराणा आणि भाडं जातं (महिन्याला 50 डॉलर टाकून ठेवलेलं शोभेचं नाही), एकत्र भरलेला टॅक्स, कंपनीच्या इन्शुरन्समध्ये बायकोचं नाव, गाडीचा विमा, 401-केचा, म्हणजे निवृत्तीच्या खात्याचा वारस. माझ्या मुलाखतीत बाईंनी विचारलं, सकाळी चहा कोण करतं? मी म्हटलं हे करतात. हे म्हणाले ती करते. दोघं एकमेकांकडे बघायला लागलो आणि तिथेच आमचं सुरू झालं, की रविवारी कोण करतं आणि तो चहा असतो का गरम पाणी, शेवटी त्या बाई हसल्या आणि पुढचा प्रश्न घेतला. उत्तरं जुळली नाहीत म्हणून केस पडत नाही, पाठ केलेली दिसली तर मात्र संशय येतो. आणि आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं.

तुझ्या पत्रात शेवटी एक ओळ आहे, की ऑफिसातल्या एकाने पैसे देऊन कागदावरचं लग्न करायचं ठरवलंय. त्याला हे वाचायला दे. असं लग्न पकडलं गेलं तर कायद्यात 5 वर्षांपर्यंत तुरुंग आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. त्याहून वाईट म्हणजे त्यानंतर त्याच्यासाठी कुणीही भरलेली कुठलीही पिटिशन मंजूर होत नाही, खऱ्या बायकोचीही नाही आणि कंपनीचीही नाही. तुझ्यासारखा वर्षानुवर्षं उभा असलेला माणूस त्या रांगेतूनच बाहेर फेकला जातो.

नाव छापू नका. माझं 2 वर्षांचं कार्ड मार्चमध्ये संपतंय. नवरा सिटिझन आहे. भांडण झालं की म्हणतो मी सही करणार नाही, एक ईमेल टाकली की तुझं कार्ड कॅन्सल, जा परत आईकडे. पासपोर्ट त्याच्याकडे आहे, बँकेचं ॲप त्याच्या फोनवर. त्याने एकदाच मारलंय, तेही खूप नाही. मला काय करता येईल?

हे उत्तर मी सगळ्यात आधी लिहिलं, छापायला तिसरं आलं. अगं, आधी हे वाच. तो तुझं कार्ड कॅन्सल करू शकत नाही. त्याने शंभर ईमेल टाकल्या तरी नाही. कार्ड देणं आणि काढून घेणं सरकारच्या हातात आहे, आणि काढून घ्यायचं झालं तरी तुला जजसमोर उभं राहून बोलायचा हक्क आहे. त्याच्या हातात फक्त एक सही आहे, आणि त्या सहीवाचूनही तुझं काम होतं.

हे 2 वर्षांचं कार्ड म्हणजे अटीवरचं कार्ड. खोट्या लग्नांना आळा घालायला 1986मध्ये कायदा झाला, तेव्हापासून ही पद्धत. कार्ड संपायच्या आधीच्या 90 दिवसांत आय-751 भरायचा, दोघांनी सही करून, की लग्न खरं होतं आणि अट काढा. पण त्याच फॉर्मवर खाली दुसरे रकाने आहेत. लग्न खरं होतं पण घटस्फोट झाला, नवरा वारला, लग्न खरं होतं पण नवऱ्याने मारहाण किंवा छळ केला, किंवा परत गेलीस तर तुझे अतोनात हाल होतील. यातलं काही असेल तर तू एकटी सही करतेस. घटस्फोटाचा रकाना भरायचा तर तो कोर्टात पूर्ण झालेला लागतो. छळाचा रकाना भरायला घटस्फोट लागत नाही, आणि एकट्याने भरायच्या अर्जाला 90 दिवसांची वाट बघायचीही गरज नाही, आजही भरता येतो. मार्च उजाडू देऊ नकोस, कारण काहीच न भरता तारीख गेली की स्टेटस जातं, ते मात्र खरं. अर्ज पोचल्याची पावती आली की जुनं कार्ड 48 महिने पुढे चालतं, ती पावती कार्डाला जोडून ठेवायची, नोकरी आणि प्रवास दोन्हीला चालते.

एकदाच मारलंय, खूप नाही, हे तू मला सांगतेस, ऑफिसात माझ्या टेबलासमोर बसून किती जणींनी हेच वाक्य म्हटलंय. कायद्यात छळ म्हणजे फक्त मारहाण नाही. पासपोर्ट दडवणं, पैसे तोडणं, माहेरी फोन करू न देणं, परत पाठवीन म्हणून धमकावत राहणं, याचं चित्र एकत्र मांडता येतं. धमकीचे मेसेज स्क्रीनशॉट काढून त्याला न कळणाऱ्या नव्या ईमेलवर पाठव, पासवर्ड तुझ्या शाळेच्या बाकावरचा काहीतरी, त्याला सुचणार नाही असा. डॉक्टरकडे गेलीस तर खरं सांग, ते त्यांच्या नोंदीत राहतं. शेजारीण, मंडळातली मैत्रीण, जिला तू रडताना दिसलीस, तिचं पत्र चालतं. एकत्र भरलेल्या टॅक्सचे ट्रान्सक्रिप्ट आयआरएसकडून, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याकडून तुला स्वतःला मिळतात, त्याच्याकडे मागायची गरज नाही. अर्जावर टपाल कुठे यावं यासाठी सुरक्षित पत्ता देता येतो, मैत्रिणीचा किंवा वकिलाचा. तू छळाच्या मुद्द्यावर अर्ज केलास तर तो यूएससीआयएस त्याला सांगत नाही, कायद्याने मनाई आहे, आणि नुसत्या त्याच्या सांगण्यावरून तुझ्या विरोधात निर्णयही घेता येत नाही. पासपोर्ट मिळाला नाही तर भारतीय कॉन्सुलेटमधून नवा काढता येतो, थोडी धावपळ आहे पण होतं.

त्याच्याबरोबर इंडियाला जायचं निघालं तर सावध राहा. सुट्टीला म्हणून नेतात, सासरी ठेवतात आणि पासपोर्ट-कार्ड घेऊन एकटेच परततात, या फायली मी स्वतः लावल्यात. जायचीच वेळ आली तर कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि ए-नंबर (कार्डावरचा तुझा इमिग्रेशन नंबर) बहिणीकडे ठेवून जा. कार्ड गेलंच तर अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये आय-131ए भरून विमानात बसण्यापुरता कागद मिळतो, मात्र बाहेर पडून वर्ष व्हायच्या आत. दिल्लीत राष्ट्रीय महिला आयोगाचा एनआरआय सेलही अशा तक्रारी घेतो.

जिवाला धोका वाटला तर 911, लाजायचं नाही. बोलायला कुणी हवं असेल तर घरगुती हिंसाचाराची राष्ट्रीय हेल्पलाइन 1-800-799-7233, चोवीस तास, दुभाषा देतात, आणि फोन त्याच्या मोबाइलवरून नको, लायब्ररीतून कर. न्यू जर्सीत मानवी ही संस्था 1985पासून आपल्याच भागातल्या बायकांसाठी काम करते, न्यूयॉर्कला सखी आहे, बे एरियात मैत्री. तिथे तुला पहिलं वाक्य इंग्रजीत शोधत बसावं लागणार नाही.

ताई, माझं 10 वर्षांचं कार्ड आहे, नवऱ्याकडून मिळालेलं. आईला पॅरालिसिस झाला म्हणून जानेवारीत नाशिकला आले, आता नववा महिना चालू आहे. चुलतभाऊ म्हणतो वर्षातून एकदा तोंड दाखवून आलं की कार्ड शाबूत. खरं का?

अर्धं खरं, आणि अशी अर्धी खरी वाक्यंच घात करतात. ग्रीन कार्ड हा अमेरिकेत राहण्याचा परवाना आहे, अधूनमधून जाऊन येण्याचा नाही. 6 महिन्यांच्या आत परतलात तर सहसा कुणी फार विचारत नाही. 6 महिन्यांच्या वर गेलं की विमानतळावर प्रश्न येतात आणि सिटिझनशिपसाठीच्या मुदतीत खंड पडला असं धरतात, ते खोडून काढणं तुमच्यावर. वर्ष ओलांडलं की नुसत्या कार्डावर परत येता येत नाही, मग कॉन्सुलेटमध्ये रिटर्निंग रेसिडेंटचा एसबी-1 व्हिसा मागायचा, आणि येणं माझ्या हातात नव्हतं हे सिद्ध करायचं. आणि दर वर्षी येऊन आठ दिवस राहून परत जाणाऱ्यांनाही पकडतात, कारण ऑफिसर घर कुठे आहे ते बघतो, तारखा नुसत्या मोजत नाही.

तेव्हा वर्ष पूर्ण व्हायच्या आत या. येताना आईच्या हॉस्पिटलचे कागद, डॉक्टरचं पत्र, इथल्या घराचं लीज, नवऱ्याचे पगाराचे कागद पिशवीत वर ठेवा, चेक-इन बॅगेत नाही. आल्यावर परत जायचं असेल तर जायच्या आधी इथे असताना री-एंट्री परमिटचा आय-131 भरा. तो इंडियातून भरता येत नाही, बोटांचे ठसेही इथेच द्यावे लागतात. सहसा 2 वर्षांचा मिळतो. तेवढ्या काळात नुसत्या गैरहजेरीवरून कार्ड सोडलं असं धरत नाहीत, पण सिटिझनशिपचं घड्याळ मात्र थांबतं ते थांबतंच.

टॅक्स दर वर्षी इथला रहिवासी म्हणूनच भरायचा, नाशिकच्या एफडीचं व्याजही दाखवून. सीएने सुचवलं म्हणून नॉनरेसिडेंटचा फॉर्म भरलात तर आपणच लिहून दिल्यासारखं होतं की मी इथे राहत नाही. आणि विमानतळावर दमलेल्या अवस्थेत कुणी आय-407 पुढे सरकवला आणि म्हणालं इथे सही करा म्हणजे लवकर सुटाल, तर करू नका. ते कार्ड स्वखुशीने परत केल्याचं पत्र आहे. नम्रपणे म्हणायचं, मला जजसमोर जायचंय.

आईची काळजी घ्या. नवऱ्याला एक खेप तिकडे घालू द्या की, सगळं लेकीनेच का करायचं.

माझं दुसरं लग्न ठरतंय, होणारे मिस्टर अमेरिकन सिटिझन. पहिल्या लग्नाचा मुलगा 17 वर्षं 4 महिन्यांचा. माझ्याच अर्जात त्याचं नाव घातलं की झालं ना? (कोल्हापूर)

नाही झालं, आणि तुमच्याकडे 8 महिने आहेत. सिटिझनच्या बायकोच्या अर्जाला मूल चिकटून येत नाही, त्याचा वेगळा आय-130 लागतो, तो मिस्टरांनी सावत्र वडील म्हणून भरायचा. आणि सावत्र नातं कायद्याला तेव्हाच दिसतं जेव्हा लग्न मुलाच्या 18व्या वाढदिवसाआधी झालेलं असतं. मुहूर्त पुढच्या मार्गशीर्षात बघत असाल तर आधी रजिस्टर लग्न करून घ्या, तेही स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली करणार असाल तर नोटिशीचे 30 दिवस त्यात धरा, मांडव नंतर घाला. त्याचा आय-130 तो 21चा व्हायच्या आत पोचला की वय तिथे थांबतं, मात्र तो अविवाहित हवा. ताब्याचा कोर्ट आदेश आत्ताच शोधून ठेवा.

उरलेली, थोडक्यात

पत्ता बदलला, कळवायचं का? हो, 10 दिवसांत, एआर-11 या पत्ता बदलाच्या फॉर्मवर, ऑनलाइन, फुकट. मुलाखतीची नोटीस जुन्या अपार्टमेंटच्या डब्यात पडून राहिल्यामुळे बंद झालेल्या केसेस मी पाहिल्यात.

कार्ड लॉकरमध्ये ठेवलंय, चालतं का? नाही, 18च्या वरच्यांनी जवळ बाळगायचं असा कायदा आहे.

ड्रायव्हिंग लायसन्स काढताना काउंटरवरच्या मुलीने विचारलं मतदार नोंदणी करू का, मी यस म्हटलं, काही होईल का? होईल, आणि फार होईल. 1993च्या कायद्यापासून लायसन्सच्या फॉर्मवरच तो प्रश्न असतो आणि आपली माणसं मान हलवत सगळ्याला यस म्हणतात. सिटिझन नसताना सिटिझन आहे असं सांगणं ही जवळजवळ माफी नसलेली चूक आहे. अजून मत दिलं नसेल तर देऊ नका, आणि या आठवड्यात वकील गाठा, स्वतःहून पत्रं लिहित सुटू नका.

सिटिझनशिप 3 वर्षांत मिळते का 5? नवरा किंवा बायको ती 3 वर्षं सिटिझन असेल आणि तुम्ही ती 3 वर्षं एकत्र राहत असाल तर 3, अर्ज 90 दिवस आधी टाकता येतो. मधे मोडलं तर 5, कार्ड मात्र राहतं. कार्डावर जिथून रहिवासी अशी तारीख आहे तिथून मोजायचं, अटीवरची 2 वर्षंही त्यात धरून, आणि त्यातले निम्मे दिवस तरी इथे राहिलेले हवेत. आय-751 लटकलेला असला तरी एन-400, म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज टाकता येतो, दोन्हीची मुलाखत पुष्कळदा एकदम होते. 2025च्या 20 ऑक्टोबरपासून भरलेल्या अर्जांना नवी परीक्षा आहे, 128 प्रश्नांतले 20 विचारतात, 12 बरोबर यायला हवेत. शपथ झाली की भारतीय पासपोर्ट सरेंडर करून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड घ्यायचं. आजी वारल्या आणि तिकडे जायचंय तर जुन्याच पासपोर्टवर जाऊन येऊ का, असं एकाने विचारलंय. नाही.

मंगळसूत्र घालून मुलाखतीला जाऊ का, सासूबाई म्हणतायत? घाला की, मेटल डिटेक्टरपाशी काढून ट्रेमध्ये ठेवावं लागलं तर चिडू नका. माझं त्या ट्रेमध्येच राहिलं होतं, मुलाखत संपल्यावर पळत जाऊन आणलं.

पुढच्या अंकात भावंडांच्या पिटिशन्स घेऊ. पत्रं पाठवताना कार्डाचे आणि पासपोर्टचे फोटो जोडू नका हो, यावेळी सहा जणांनी पाठवलेत, मी पुसून टाकलेत. नुसत्या तारखा लिहा, कुठल्या व्हिसावर आलात ते लिहा, आणि लग्न कधी झालं ते दोघांनी मिळून आठवून लिहा. एका पत्रात नवऱ्याने 14 लिहिलंय आणि बायकोने 15.